डोमाजीबुवांच्या कापसातलं दव

माझे सासरे डोमाजी गुल्हाने मला पहिल्यांदा भेटले ते आभाळातून.

अठ्ठावन्न सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मी यवतमाळच्या एका कचेरीत कारकून होतो आणि वडिलांबरोबर बाभुळगावजवळच्या टेंभुरखेडला मुलगी पाहायला गेलो होतो. ओसरीवर सतरंजी टाकलेली. आम्ही दोघं पाहुण्यासारखे ताठ बसलेले. मुलगी आतून येण्याच्या बेतात. एवढ्यात डोक्यावरच्या छपरावर असा काही गडगडाट झाला, की हत्तींचं लग्न लागून वरात निघाली असावी. कवेलूंचा पाऊस पडला. धुळीचा एक ढग अंगणात उतरला आणि त्या ढगातून, धोतर फुगलेलं, दोन्ही हात पसरलेले, मिशा वाऱ्यावर उडताहेत अशा थाटात एक भरभक्कम गृहस्थ कडब्याच्या पेंढ्यांवर येऊन आदळले. पेंढ्या चहूबाजूंना उधळल्या. गोठ्यातले बैल दावं तोडायला निघाले. शेजारच्या तीन आळ्यांतली कुत्री भुंकू लागली. गृहस्थ उठले, टोपी शोधली, झटकून डोक्यावर ठेवली आणि जणू दारातूनच आल्यासारखे हात जोडून म्हणाले, "रामराम."

"लागलं का हो?" वडील घाबरून म्हणाले.

"छे, छे. कवेलू फेरून राह्यलतो."

कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, पावसाळ्याच्या तोंडावर फेरतात. दिवाळीनंतर कोणी फेरत नाही, हे माझ्यासारख्या कारकुनालाही ठाऊक होतं. पण ते बोलायच्या आत डोमाजीबुवांच्या कोपरीच्या गळ्यातून एक तपकिरी डोकं बाहेर आलं. मांजर. त्यानं ओसरीवरची मंडळी एकेक करून पाहिली. माझ्यावर त्याची नजर जरा जास्त रेंगाळली आणि मी नापसंत झाल्याचं मला कळलं. डोमाजीबुवांनी ते डोकं बोटानं आत दाबलं. ते बाहीतून बाहेर आलं.

"मांजर आहे," वडील म्हणाले.

डोमाजीबुवांनी स्वतःच्या छातीकडे असं पाहिलं, की ती त्यांना आजच दिसली. "कोनाचं आलं बावा हे?"

आतून सासूबाईंचा, म्हणजे तानाबाईंचा आवाज आला, "सापडली का जी तुमची बाई?"

डोमाजीबुवांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मी त्यानंतर त्यांना अनेक वर्षं पाहिलं, पण त्यांचा चेहरा मला आठवतो तो तोच. माणूस बैलासारखा दणकट, आणि लाज मात्र परकरी पोरीची.

मुलगी म्हणजे कोकिळा. ती मला आवडली, आणि आणखी एक हिशेब मी केला: ज्या घरात सासरा छपरातून येतो, त्या घरात जावयाच्या चुका कोणाच्या लक्षात येणार नाहीत. फाल्गुनात लग्न झालं.

डोमाजीबुवांची अडचण अशी होती, की टेंभुरखेडच्या पारावर बसून त्यांनी अर्धं आयुष्य मांजरं पाळणाऱ्यांची टिंगल करण्यात घालवलं होतं. "शेतकऱ्यानं बैल पाळावा, लई झालं तं कुत्रं पाळावं. मांजर हा बाईमानसाचा कारभार," हे त्यांचं ठाम मत. आळीतल्या रामरावांच्या मांडीवर एकदा मांजर दिसलं, तर बुवांनी भर पारावर विचारलं होतं, "काहो रामराव, बाळंतपन कधी हाये?" रामराव ते विसरले नव्हते. असा माणूस एका पावसाळ्यात गोठ्यात भिजून बसलेल्या मांजरीच्या पिलावर भाळला, आणि झालं.

तिला नाव ठेवायचीही त्यांना लाज. नाव ठेवलं म्हणजे पाळल्याचं कबूल झालं. म्हणून ते तिला नुसतं "बाई" म्हणत, आणि तेही अहो-जाहो करून. "उठा बाई, मले पागोटं बांधाचं हाये." बाई पागोट्यावरून उठत नसत. बुवा उघड्या डोक्यानं शेतात जात. जेवताना दुधात चुरलेली भाकर ताटाच्या कडेला ठेवून "पोट भरलं" म्हणत आणि उठत, मग बाई शांतपणे जेवत. त्या सायंकाळी परत आल्या नाहीत, की बुवा कंदील घेऊन "बैलं पाहून येतो" म्हणत निघत. गोठा उजवीकडे, बुवा डावीकडे. हातांवर ओरखडे असत. कोणी विचारलं, की "बाभळीचा काटा." एवढ्या बाभळी त्यांच्या शेतात असत्या, तर कापसाला जागा उरली नसती.

आणि कापूस हाच तर त्यांचा खरा अभिमान. डोमाजीबुवांचा कापूस म्हणजे दुधाची साय. पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करायची, दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा, मग ओटी बांधून वेचणी सुरू. वेचलेला कापूस घरातल्या एका खोलीत रचायचा. त्या खोलीत पायात वहाण घालून जायचं नाही, बिडी पेटवायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे लोक तेव्हाही होते. त्यांच्याविषयी बुवा असे बोलत, की ऐकणाऱ्याला खुनी माणूस बरा वाटावा.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी सासरी गेलो, तेव्हा ही खोली कुलूपबंद होती आणि बुवा झरोक्याशी उभे राहून आत दुधाची वाटी सोडत होते. मला पाहून त्यांनी वाटी स्वतःच पिऊन टाकली.

झालं होतं असं. बाई कापसाच्या ढिगात व्यायल्या होत्या. सीतादही केलेल्या पहिल्या वेचणीच्या कापसात, अगदी कोपऱ्यात, मऊ खळगा करून. चार पिलं. बुवांना इतका आनंद झाला होता, की तो लपवण्यासाठी ते दिवसभर सगळ्यांवर ओरडत होते. दर थोड्या वेळानं झरोक्यातून डोकावत आणि खालच्या आवाजात तानाबाईंना बातमी देत: "पांढऱ्यानं डोये उघडले."

पण मांजर पिलांना सात घरं दाखवते, अशी आमच्याकडे समजूत. तोंडात धरून एकेक पिलू या घरातून त्या घरात. आणि बुवांनी हिशेब केला, तर आळीत सातवं घर बरोबर रामरावांचं येत होतं. बाई आपल्या मालकीच्या, हे मग पाराला कळणार. म्हणून कुलूप.

"जीव हाये तो," तानाबाई म्हणाल्या. "कोंडून काहून ठेवता? बाहीर जाऊ द्या ना."

"सात घरं फिरन थे. गावभर बोभाटा होईन."

"अन् मुतन कुठी?"

बुवा दुखावले. "बाई तशी नाई हाये," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला यवतमाळला परतायचं होतं आणि बुवांना तिथल्याच बाजारात कापूस न्यायचा होता. मी एसटीचं विचारलं, तर ते म्हणाले, "एसटीनं कायले जाता, जवाईबापू? बंडीवर चला. बाजारात आपली काय इज्जत हाये, थे तं पाहा."

पहाटे त्यांनी बंडी एकट्यानं भरली. कोणाला खोलीत येऊ दिलं नाही. ढिगाचा दर्शनी भाग आधी भरला, आणि बाईंचा कोपरा, त्यांना शक्य तितकी झोप मिळावी म्हणून, सर्वांत शेवटी. पिलं टोपल्यात घालून माळ्यावर ठेवली, मागोमाग बाई गेल्या, आणि त्या कोपऱ्यातला कापूस बंडीच्या अगदी वरच्या थराला आला. अंधार होता. बुवांचं नाक तपकिरीनं कायमचं बंद. मी वर बसलो तेव्हा मला एक उग्र वास आला खरा, पण मी तो बैलांच्या नावावर टाकला. बैलांवर मी मनातल्या मनात केलेला तो अन्याय.

ऊन वर आलं तसे बुवा खुलले. बैलांच्या शेपट्या पिळत त्यांनी मला आपल्या पराक्रमाची गोष्ट सांगितली.

"मागच्या साली काय झालं, जवाईबापू, मायापुढं भावसिंगाची बंडी होती. थो तांड्यावरचा भावसिंग राठोड. व्यापाऱ्यानं हात घातला, तं कापूस ओला. भावसिंग म्हन्ते, दव लागलं शेठ, उघड्यावर होता. म्या म्हनलं, दव? असं कसं दव बावा, जे तुयाच कापसाले लागते अन् माया कापसाले नाई? तांड्यावरच्या दवाले बादली लागते का?" बुवा आठवूनच हसले. "सारा बाजार हासला. बंडी परत पाठवली त्याची."

"आणि खरंच पाणी मारलं होतं का?"

"मारलंच असन," बुवा म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "तांड्यावरचे लोक हायेत. मारलंच असन."

जावई सासऱ्याच्या बंडीवर बसून वाद घालत नाही.

बाजारात बंड्यांची रांग लागली होती. कोणी बैल सोडून बसलं होतं, कोणी भाकर खात होतं. बुवांना सगळे ओळखत. "या बुवा", "रामराम बुवा" असं चाललं होतं आणि प्रत्येक रामरामाला बुवा माझ्याकडे बघून घेत. आमच्या मागं एक बंडी येऊन थांबली. लाल पागोटं, कानात बाळ्या, वाळक्या अंगाचा माणूस. बुवांनी मान फिरवली, त्यावरून मी ओळखलं की हाच भावसिंग.

व्यापारी आला. बरोबर अडत्या. कापूस पाहायची रीत ठरलेली: बाही वर करायची, कोपरापर्यंत हात बंडीत खुपसायचा, मूठभर कापूस काढायचा आणि दोन चिमटींत धरून तंतू ओढून पाहायचा. बुवा छाती काढून उभे राहिले. "पाहा शेठ, साय हाये साय."

शेठनं हात घातला. काढला. हाताकडे पाहिलं. पुन्हा घातला आणि यावेळी कापूस वर आला तो ओला गोळा होऊन.

"क्या पटेल? तुमने भी पानी मारा?" शेठच्या तोंडी प्रत्येक शेतकरी पटेलच.

भाकर खाणाऱ्यांचे घास थांबले. कोणीतरी म्हणालं, "बाकीचे खाली मारते, बुवांनं वरतं मारलं. इमानदार मानूस." हशा झाला.

बुवांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग तो छपरातून पडलेल्या दिवशीचा रंग चढू लागला. त्यांना कळलं होतं. बाई तशाच होत्या, हे त्यांना त्या क्षणी पुरतं कळलं होतं. ते एका शब्दात सुटले असते. मांजर म्हटलं की सुटले. पण मांजर म्हणायचं कसं? समोर सगळा बाजार, शेजारी नवा जावई, आणि मागून चौथ्या बंडीवर टेंभुरखेडचेच रामराव.

बुवांचे ओठ हलले. "दव," ते म्हणाले. "दव लागलं असन, शेठ."

हे त्यांनी ठरवून म्हटलं नाही. माणूस बुडताना हाताला येईल ते धरतो, तसा तो शब्द त्यांच्या हाताला आला. पण म्हणून झाल्यावर त्यांनी मागं पाहिलं, आणि भावसिंग त्यांच्याकडेच बघत होता.

भावसिंग हसला नाही. बादलीचं त्यानं काढलं नाही. तो बंडीवरून उतरला, पुढं आला, शेठनं खाली टाकलेला कापसाचा गोळा उचलला आणि नाकाशी नेला.

"बुवा," तो हळूच म्हणाला, "घरी मांजर हाये का जी?"

"नाई," बुवा म्हणाले.

"तो फिर पानी है," शेठ म्हणाला, आणि अडत्याला बंडी बाजूला काढायची खूण केली.

"पानी नाई शेठ," भावसिंग म्हणाला. "पान्याले असा वास नसते. मायी बायको मोतीबाई, तिनं मांजरं पाळले हायेत. आमच्या वाकळी असाच वास मारते. वरचं वरचंच हाये थे. थेवढं काढून फेका अन् खाली हात घाला. डोमाजीबुवा पानी मारनारा मानूस नाई."

वरचा थर काढला. शेठनं खाली हात घातला, इकडून, तिकडून. कोरडा, पांढरा, दुधाच्या सायीसारखा कापूस. शेठला आता मजा वाटू लागली होती. त्यानं हात धुवायला पाणी मागवलं आणि बुवांना विचारलं, "बोलो पटेल. बिल्ली पालते हो?"

सगळी रांग ऐकत होती. बुवांनी थंडीच्या दिवसांत टोपी काढून कपाळ पुसलं.

"हाव," ते म्हणाले. आवाज असा, की मी शेजारी उभा असूनही मला तो अंदाजानं कळला.

रामरावांच्या बंडीवरून पहिलं "म्याँव" आलं. मग पुढच्या बंडीवरून. मग ते रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. एवढी माणसं एकदिलानं एखादी गोष्ट करताना मी नंतर क्वचितच पाहिली. कापूस विकला गेला, भावही बरा मिळाला. मापाच्या वेळी बुवा बैलांच्या मधे उभे होते, म्हणजे दोन्ही बाजूंनी त्यांना कोणी पाहू नये. भावसिंगशी ते बोलले नाहीत. भावसिंगही त्यांच्याशी बोलला नाही. त्याचा कापूस पास झाला आणि तो गेला.

माझ्या खोलीपाशी बंडी थांबली, तेव्हा बुवा म्हणाले, "घरी कोकिळेले सांगू नका, जवाईबापू." मी हो म्हणालो. पण बातमी रामरावांबरोबर टेंभुरखेडला बुवांच्या आधी पोचली होती.

बुवांनी घरी जाऊन सगळी कुलपं काढली. बाईंनी पिलांना सात घरं दाखवली. रामरावांच्या घरी तर चांगला मुक्काम केला. पोरं बुवांना पाहून म्याँव करत. पारावर विचारणा होई, "बुवा, बाळंतीन कशी हाये?" बुवा सरळ उत्तर देत, "बरी हाये. पांढरं पिलू जरा अशक्त हाये." मांजरीची लाज त्यांनी सोडून दिली होती. उलट आता बाई उघडउघड त्यांच्या खांद्यावर बसून शेतात जात.

जाळत होतं ते वेगळंच. पुढं मी गेलो, की रात्रीचं जेवण झाल्यावर बुवा पान लावता लावता विचारत, "जवाईबापू, कापूस उघड्यावर ठेवला तं दव लागते ना?"

"लागतंच."

"लागते," ते म्हणत. "लागते खरं." आणि चुना बोटालाच लावून बसत. एकदा म्हणाले, "थो एक शब्द बोलला असता ना, बादली म्हनला असता, तं बरं झालं असतं. फिटंफाट झाली असती. बोललाच नाई थो."

पिलं मोठी झाली तेव्हा त्यांनी त्यातलं पांढरं उचललं, झोळीत घातलं आणि तांड्यावर निघाले. मला बरोबर घेतलं, कारण एकट्यानं जायची त्यांची हिंमत नव्हती. वाटभर ते काय बोलायचं ते जुळवत होते. पिलू झोळीतून त्यांना ओरबाडत होतं. भावसिंग घरी नव्हता, कामाला दूर गेला होता. काचा लावलेली काचोळी घातलेली एक बाई बाहेर आली. मोतीबाई. तिनं आमच्यासाठी बाज टाकली, पाणी दिलं.

"रामराम भिया. काय काम काढलं?" तिच्या बोलीत भिया म्हणजे भाऊ.

बुवा उभे राहिले. बसले. पुन्हा उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतात.

"उंदरं लई झाले असतीन इकडं," ते म्हणाले. "म्हनून पिलू आनलं."

"आमच्या घरी आधीच चार हायेत, भिया," ती म्हणाली. पण पाहुण्याचा मान म्हणून तिनं ते घेतलं. आणि हसत म्हणाली, "तुमी थे बाजारातले का? आमचे हे सांगत होते. लई चांगला मानूस हाये म्हनत होते, उगाच लोकं हासले म्हने."

बुवांनी पाणी अर्धं टाकलं. परत येताना टेंभुरखेड दिसेपर्यंत ते भराभर चालत राहिले. मग वाटेत थांबले आणि म्हणाले, "नाई, जवाईबापू. हे इथी येऊन कानात सांगाची गोठ नाई. चारचौघांत बोललो ना मी? चारचौघांतच वापस घेतलं पाह्यजे. बाजारात. बंड्यांच्या रांगेत. शेठपुढं."

"काय म्हणाल?"

"म्हनीन, भावसिंग, मागं तुया कापसाले दवच होतं. म्या खोटं बोललो."

ते वाक्य त्यांनी तो पावसाळाभर पाठ केलं. श्रोत्या म्हणून बाई असत. तानाबाई सांगत, की गोठ्यात बसून ते वाक्य मोठ्यानं म्हणतात, आणि शेवटच्या तीन शब्दांपाशी आवाज जातो. तेवढ्यावर अडतात. बाई डोळे मिटून ऐकतात आणि मधेच उठून जातात. बुवा त्यांना बोलावून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

हंगाम आला. सीतादही झाली, कापूस वेचला. खोली सताड उघडी होती आणि बाईंसाठी गोठ्यात राखेचं टोपलं ठेवलं होतं. बुवांनी निरोप पाठवून मला बाजारात बोलावलं. कोरं धोतर, नवी टोपी, दाढी केलेली. त्यांचा कापूस पास झाला, माप झालं, तरी त्यांनी बंडी हलवली नाही. रांगेतल्या प्रत्येक लाल पागोट्यापाशी जाऊन ते वाकून चेहरा पाहत होते. संध्याकाळी बाजार उठला. दुसऱ्या खेपेलाही तेच केलं, आणि तिसऱ्या.

शेवटी त्यांनी तांड्यावरच्याच एका गाडीवानाला विचारलं. तांड्यापासून धामणगावचा रस्ता त्या साली पक्का झाला होता, आणि भावसिंग आता कापूस तिकडेच नेत होता. तो बाजार त्याला जवळ पडत होता. बुवांनी पाठ केलेलं वाक्य तसंच घेऊन बंडी वळवली.